काळी आणि पांढरी

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने निघालेला प्रवासी अंबाडीच्या नाक्यावर वज्रेश्वरीकडे वळला, की थोड्याच वेळात त्याला तानसा नदीची सोबत मिळते. आणि दिवस पौषातले असून वेळ पहाटेची असेल, तर प्रत्यक्ष पाणी दृष्टीस पडण्यापूर्वी काठाने वर चढणारी वाफच त्याला आधी दिसते. हीच अकलोलीची ऊन पाण्याची कुंडे. काही नदीच्या पात्रालगत आहेत, काही शंकराच्या देवळाशी चिऱ्यांनी बांधून काढलेली आहेत, आणि सांधेदुखीची, खरजेची किंवा नुसत्याच थकव्याची तक्रार घेऊन आलेली माणसे त्यांत गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून, तासतास बसलेली असतात. देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताने हे पाणी तापले, असे तिथला वृद्ध सांगतो. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतो, की काळ्या पाषाणाच्या भेगांतून पावसाचे पाणी खोल खाली उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. ज्वालामुखीचा इथे काही संबंध नाही. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे ही गावे तर आपल्या नावातच हे ऊन पाणी बाळगून आहेत, आणि अकलोली-गणेशपुरीची कुंडे त्याच लांबलचक माळेतले उत्तरेकडचे मणी होत.

अशा एका कुंडाच्या पायरीवर बसलेलो असताना मला एक साधा प्रश्न पडला, आणि हे प्रकरण त्या प्रश्नातून निघाले आहे. बारमाही पाणी, थंडीत ऊब, नदीत मासे, काठाला रान, रानात शिकार आणि कंदमुळे, इतके सगळे एका ठिकाणी मांडून ठेवलेले असताना आदिमानवाने, निदान पहिल्या शेतकऱ्याने तरी, आपला संसार इथेच का थाटला नाही? महाराष्ट्रातील सर्वांत जुनी शेतकरी खेडी शोधायची, तर अकलोलीहून सह्याद्री ओलांडून थेट प्रवरेच्या, घोडनदीच्या, तापीच्या खोऱ्यांत जावे लागते, आणि तिथे पाणी इथल्यापेक्षा पुष्कळच कमी आहे. मनुष्य पाण्याच्या आश्रयाने राहतो, हे विधान आपण शाळेपासून घोकत आलो आहो. ते खोटे नाही; परंतु अर्धे आहे.

प्रश्नाची गंमत अशी, की तुलना करण्यासाठी निसर्गाने आपल्याला एक सोईस्कर जोडी देऊन ठेवली आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी निघते आणि पूर्वेस वळून सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांतून वैतरणा निघते आणि पश्चिमेस उतरून पाहता पाहता अरबी समुद्र गाठते. अकलोलीवरून वाहणारी तानसा या वैतरणेलाच पुढे जाऊन मिळते. म्हणजे एकाच माहेरच्या या दोन लेकी. एकीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात खेड्यांची दाट ओळ बसली, आणि दुसरीच्या काठी त्या काळच्या शेतकऱ्याने पाऊल ठेवल्याची खूण आढळत नाही.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. कोकण त्या काळी निर्मनुष्य होते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. टॉड नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याने मुंबईच्या उपनगरांत, कांदिवलीच्या ओढ्यांच्या काठी, अश्मयुगीन हत्यारे गोळा केली आणि १९३९ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. साष्टीच्या किनाऱ्यावर मढ, एरंगळ या बाजूस त्याला गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी पातीही मिळाली. सह्याद्रीच्या वर नाशिकजवळ गंगापूरला आणि नेवाश्याला प्रवरेच्या पात्रातल्या गोट्यांच्या थरांत तशीच, किंबहुना अधिक जुनी, दगडी हत्यारे सापडली आहेत. शिकार करून आणि कंदमुळे खणून जगणाऱ्या माणसाने घाटाच्या वर आणि खाली असा भेद केलेला दिसत नाही. त्याला दोन्हीकडे हवा तसा दगड मिळत होता, दोन्हीकडे पाणी होते, आणि मुक्काम हलविणे हाच त्याचा जगण्याचा रिवाज होता. भेद केला तो शेतकऱ्याने, आणि कोठे बी पेरावे या निर्णयात पुढच्या तीन हजार वर्षांच्या महाराष्ट्राचा नकाशा पुष्कळसा ठरून गेला.

तो नकाशा वाचण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. देशावरच्या कोणत्याही कुणब्याच्या तोंडी असलेले दोन शब्द ध्यानात घेतले तरी पुरे. गावाची शेतजमीन ती 'काळी' आणि गाव ज्या उंचवट्यावर वसले ती 'पांढरी'. जुन्या दप्तरांत 'समस्त पांढरी' असा उल्लेख येतो, तेव्हा त्याचा अर्थ माती नव्हे, तर त्या मातीवर नांदणारी मंडळी. पण मुळात ही पांढरी म्हणजे मातीच होय. माणसे शेकडो वर्षे एका जागी राहिली, चुली पेटल्या, राख पडली, शेणाने सारवलेल्या भिंती खचल्या, त्यांच्यावर नव्या भिंती उभ्या राहिल्या, हाडे, भुसा, खापरे, चुना सगळे त्यात मिसळले, म्हणजे जी राखाडी, भुसभुशीत, बोटांत धरली तर पिठासारखी लागणारी माती तयार होते, ती पांढरी. नगरकडच्या आमच्या लहानपणी रोहिणीच्या आधी धाब्याच्या घरांवर ही माती अंथरीत. तिच्यासाठी ओढ्यापलीकडच्या एका ओसाड टेकाडावर गाडी जाई, आणि आम्ही पोरे टोपल्या भरता भरता तिच्यातून निघालेली तांबडी खापरे बाजूला काढीत असू. त्यातले सपाट खापर ठिकरी खेळायला उत्तम. एखाद्या तुकड्यावर काळ्या रंगात आडव्या-तिरप्या रेघांची जाळी काढलेली असे, आणि असा तुकडा लाभला तर तो खेळात न वापरता खिशात राही, इतकेच आमचे पुराणवस्तुशास्त्र. त्या जाळीला पुढे विद्वानांनी काय नाव दिले, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ते नाव एका लहानशा खेड्याचे आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे म्हणून गाव आहे. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकबरोबरच तेथेही उत्खनन केले. या गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी नारिंगी-तांबडी भांडी मिळाली. त्यांवर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी होती. पोटाशी एकदम कोन घेणारे वाडगे आणि लांब तोटीचे तांबे ही या भांड्यांची ओळख. पुढे हीच भांडी जिथे जिथे सापडली, त्या वस्तीला जोर्वे संस्कृतीची वस्ती म्हणण्याचा प्रघात पडला, आणि एका मौजे गावाचे नाव संपूर्ण प्रांताच्या एका युगाला चिकटले. लगेच १९५४ ते १९५६ च्या हंगामांत नेवाश्याची लाडमोड टेकडी खणली गेली. ज्या नेवाश्यास ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली, त्याच गावी पांढरीच्या तळाशी, ज्ञानेश्वरांहून अडीच हजार वर्षे आधी, एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ घालून त्याला पुरले होते. मण्यांतून ओवलेला दोरा गंजामुळे टिकून राहिला, आणि तपासणीअंती तो रेशमाचा निघून त्यात कापसाचाही अंश आढळला.

यानंतर पाहणीचा असा सपाटा सुरू झाला, की आज जोर्वेकालीन म्हणून दोनशेहून अधिक ठिकाणांची नोंद झाली आहे. कोकणची किनारपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला, तर साऱ्या महाराष्ट्रावर ती पसरली आहेत. परंतु सारखी पसरलेली नाहीत. ती तीन नद्यांना धरून आहेत: उत्तरेस तापी, मध्ये गोदावरी आणि तिची प्रवरा, दक्षिणेस भीमा आणि तिची घोड. घाटमाथ्यावर, जिथे पाऊस कोसळतो, तिथे ती जवळजवळ नाहीत. नदी डोंगरातून बाहेर पडून मोकळी झाली, दोन्ही काठांना गाळाची काळी जमीन पसरली आणि पाऊस वीस-पंचवीस इंचांवर आला, की ती एकदम दाट होतात. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते. तिथे कोणी जोर्वेकर राहिला नाही, तो राहिला संगमनेरच्या खाली.

ही वस्ती एकाच वेळी, एकाच लोंढ्याने आलेली नव्हे. तापीच्या खोऱ्यात सावळदा या गावावरून ज्यांना नाव मिळाले ते लोक ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमारास, किंवा त्याही थोडे आधी, शेती करीत होते. नंतर माळव्यातून, नर्मदेकडून, आपली निराळी भांडी घेऊन लोक उतरले. आणि ख्रिस्तपूर्व १४०० च्या सुमारास या सगळ्याच्या मिश्रणातून जोर्वे संस्कृतीने आपले रूप घेतले. म्हणजे महाराष्ट्राची पहिली पांढरी उत्तरेकडून दक्षिणेकडे, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, काळ्या जमिनीचा माग काढीत सरकली. ती पश्चिमेकडे घाट उतरली नाही.

या दोनशे ठिकाणांत सगळी सारखी मानाची नव्हती. बहुतेक खेडी लहान, दोन-चार हेक्टरांच्या आत सामावणारी. पण प्रत्येक खोऱ्यात एखादे गाव मात्र डोळ्यांत भरण्याजोगे मोठे. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे, प्रवरेवरचे दायमाबाद, घोडनदीवरचे इनामगाव ही त्यांपैकी. पेशवाईच्या परिभाषेत सांगायचे, तर कसबा, मौजे आणि वाडी अशी उतरंड तेव्हाच लागलेली होती. वतनदार आणि सनदा तेवढ्या नव्हत्या. दायमाबादची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझचे चार भरीव ओतीव पुतळे मिळाले: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेल्या रथात उभा असलेला पुरुष. चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या घरात. ते नेमके कोणत्या थराचे, कोणत्या काळाचे, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटणे कठीणच आहे. कारण ते सापडले तेव्हा थर पाहायला तिथे कोणी नव्हते. मला स्वतःला त्या पुतळ्यांपेक्षा दायमाबादच्या टेकाडाचे थर अधिक बोलके वाटतात. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे अशा पाच संस्कृतींचे लोक तिथे एकाच जागी, एकाच्या पांढरीवर दुसरा, असे राहून गेले. जागा चांगली होती, याचा याहून मोठा दाखला कोणता?

परंतु जागा चांगली म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर इनामगावी मुक्काम केला पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी हे गाव आहे, आणि डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इतक्या धीराने आणि इतक्या रुंद क्षेत्रावर ते खणले, की भारतातील दुसऱ्या कोणत्याही ताम्रपाषाणयुगीन खेड्याची इतकी साद्यंत हकीकत आपल्यापाशी नाही. सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी हे काम चालविले, आणि १९८८ साली त्याचा अहवाल निघाला. वस्ती ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची. सव्वाशेहून अधिक घरांची जोती उघडी पडली. आणि घरे कशी, तर चौकोनी, कुडाच्या भिंतींची, वर गवताचे छप्पर, दोन घरांमध्ये माणूस जाईल एवढी बोळकांडी. सधन शेतकऱ्यांची घरे गावाच्या मध्यभागी, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी घडविणारा, हस्तिदंत कोरणारा यांची पश्चिमेच्या कडेला. बलुतेदारांची आळी गावाबाहेर काढण्याची आपली पद्धत किती जुनी, याचा विचार वाचकाने आपल्याशीच करावा.

घरात काय होते? चुलीशेजारी जमिनीत खणलेले पेव, त्याला आतून चुन्याचा गिलावा. एका कोपऱ्यात मातीचा गोल ओटा, त्यावर कणगी. आणि दुसऱ्या कोपऱ्यात चार चपटे दगड, एकमेकांपासून ठराविक अंतरावर, चौकोनाच्या चार कोनांवर ठेवल्यासारखे. हे चार दगड पाहून प्रथम उलगडा होईना. पण चार पायांच्या मातीच्या रांजणाचे अवशेष मिळाले, आणि कळले, की रांजणाच्या पायांना ओल लागू नये, म्हणून ते त्याखाली ठेवीत. धान्य साठविण्याची ही काळजी ज्याच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात दिसते, तो मनुष्य पाण्याच्या शेजारी राहत होता असे म्हणण्यापेक्षा, चैत्रापासून आषाढापर्यंतच्या उपाशी महिन्यांच्या शेजारी राहत होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. त्याचे मुख्य पीक सातूचे. शिवाय गहू, मसूर, वाटाणा. थंडीच्या दिवसांत नुसत्या जमिनीच्या ओलीवर येणारे सातूसारखे पीक हाती यायचे, तर जमीन अशी हवी, की जी पावसाचे पाणी पिऊन महिनोन्‌महिने पोटात धरील. काळी जमीन तेच करते. नदीने पाणी पुरविले ते पिण्याला आणि गुरांना. पीक पिकविले ते काळीने. म्हणून वस्ती बसली ती काळीच्या कडेला, तिच्यावर नव्हे. पुराच्या रेषेच्या वर, उंचवट्यावर, जिथून नदीचा डोह जवळ पडावा आणि शेत एका हाकेवर असावे. पुढे इनामगावकरांनी पुराचे पाणी वळवून शेताकडे नेण्यासाठी बांध घातला आणि पाटही खणला. एवढे काम चार घरांनी होत नाही. कोणीतरी हुकूम सोडणारा आणि तो मानणारे असे दोन्ही पक्ष गावात असावे लागतात.

तो हुकूम सोडणारा आपल्याला बहुधा भेटलाही आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक प्रशस्त घर निघाले, जवळ धान्याचे कोठार. आणि त्याच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, मोठ्या पोटाचा एक रांजण, ज्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसविलेला होता. जवळच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगविलेली होती. इनामगावी प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडण्याची चाल होती, ते बहुधा अशासाठी, की मेलेल्याने घर सोडून कोठे भटकू नये. मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीतच पुरीत. या गृहस्थाचे पाय मात्र शाबूत होते. ज्या आकाराच्या रांजणात गावाचे धान्य राही, त्याच आकाराच्या रांजणात गावाच्या धन्याला ठेवले; आणि त्याच्याखाली तसाच आणखी एक रांजण निघाला, त्यात मनुष्य नव्हताच. देह हाती न आलेल्या कोणा पूर्वजाचे ते प्रतीकरूप दफन असावे, असा तर्क केला जातो, आणि तो मला पटतो.

आता पुन्हा घाट उतरून तानसेच्या काठी येऊ. इनामगावचा शेतकरी आपले सातूचे बी, आपली तांब्याची विरळा कुऱ्हाड आणि गारगोटीची पाती घेऊन अकलोलीस आला असता, तर त्याला काय आढळले असते? जिथे देशावर वीस इंच पडे, तिथे त्याच्या पाचपट पाऊस, आणि तो अवघ्या चार महिन्यांत. उतारावरून धावणारे पाणी, पाऊस थांबताच निथळून कोरडी पडणारी तांबूस मुरमाड जमीन, आणि साग, ऐन, खैर यांचे असे रान, की ज्याच्यापुढे तांब्याची कुऱ्हाड म्हणजे खेळणे. सातू इथे कुजला असता. इथे पीक घ्यायचे तर भाताचे, आणि भातासाठी उतार तासून खाचरे पाडायची, बांध घालायचे, चिखल करायचा, रोप वाढवून लावणी करायची. आजही ठाणे जिल्ह्यातला शेतकरी उन्हाळ्यात रोपाच्या वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून 'राब' भाजतो, तेव्हा कोठे त्याचे भाताचे रोप जोमाने उठते. म्हणजे कोकणात पाणी कमी पडले म्हणून पहिला शेतकरी आला नाही असे नसून, ते फार झाले म्हणून तो आला नाही. समुद्रातल्या शंखांच्या वस्तू देशावरच्या या खेड्यांत मिळतात. तेव्हा खाली समुद्र आहे, हे त्याच्या कानी नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याला माहीत होते आणि त्याने नको म्हटले.

या नकाराची छाया वस्तीच्या घडणीवर अजून दिसते, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. देशावरचे गाव म्हणजे एक गाठोडे: मध्ये गावठाण, घराला घर चिकटलेले, सभोवार शेते, आणि गाव कोठे संपते ते स्पष्ट. वज्रेश्वरी-अकलोलीच्या परिसरात, शहापूर-वाड्याकडे फिरा, तर एका महसुली गावाचे पाच-सात पाडे. एक पाडा वारल्यांचा, एक मल्हार कोळ्यांचा, एक कातकऱ्यांचा, प्रत्येक आपल्या खाचराच्या, आपल्या झऱ्याच्या जवळ, आणि मधे रान. कारवीचे कूड शेणामातीने लिंपलेली इथली झोपडी पाहिली, की इनामगावच्या भिंतीची आठवण होते खरी. पण अशी झोपडी सहज हलते, आणि जिथे घर हलते तिथे पांढरी साठत नाही. कोकणातली जुनी वस्ती कमी सापडते याचे एक कारण, मला वाटते, हेही आहे. पुराणवस्तुशास्त्र हे बसून राहिलेल्या माणसाचे इतिहासशास्त्र आहे. फिरत्या माणसाच्या बाबतीत ते थोडे अन्यायानेच वागते.

आणि बसून राहिलेला माणूस तरी कायमचा कोठे बसला? ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली ही खेडी एकामागून एक उठली. जमाबंदीच्या कागदांत ज्या गावात दिवा लावणारे कोणी उरले नाही, त्याला 'बेचिराख' असे नमूद करीत. दायमाबाद बेचिराख झाले, प्रकाशे झाले, नेवासे झाले. फक्त भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, पण कसे? चौकोनी घरांच्या जागी लहान गोल खोपटी आली, दोन-तीन एकमेकींशी टेकलेली; भांड्यांवरची नक्षी ओबडधोबड झाली; शेतीचे धान्य घटले, शेळ्यामेंढ्यांची आणि हरणांची हाडे वाढली. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटले, हवा कोरडी झाली, असे दिले आहे. ते मुख्य कारण असावे; तथापि नऊशे वर्षे त्याच त्या काळीतून पिके काढल्याचा आणि त्याच त्या रानाचे सरपण केल्याचा काहीच परिणाम झाला नसेल, असे मानायला माझे मन तयार होत नाही. कसेही असो, शेवटचा इनामगावकर पुन्हा अर्धा भटका झाला, आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास तोही निघून गेला.

देशावरच्या टेकाडांवर पुन्हा दिवे लागायला काही शतके जावी लागली, आणि कोकणची पाळी आली ती याच दुसऱ्या फेरीत. लोखंडाची कुऱ्हाड आल्यावर रान हटू लागले आणि भाताची खाचरे पडू लागली; पण कोकणातली जी जुनी मोठी वस्ती आपल्याला ठाऊक आहे, ती शेतीच्या नव्हे तर व्यापाराच्या पोटी जन्मलेली. वैतरणेच्या मुखाजवळच्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि त्यांनी तिथला स्तूपही खणला. म्हणजे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात तिथे राजाज्ञा वाचून दाखविण्याइतकी माणसे जमत होती. सोपारा आणि कल्याण ही बंदरे, वर जुन्नर, मधे नाणेघाट, आणि भिवंडीजवळ लोनाडच्या डोंगरात बौद्ध लेणे: माल ज्या वाटेने गेला, त्या वाटेने कोकणात वस्ती आली. देशावर माणूस काळीसाठी बसला, कोकणात वाटेसाठी.

तानसेचा आजचा प्रकार याहूनही निराळा. अकलोलीच्या वरच्या अंगाला १८९२ साली धरण पुरे झाले, आणि तेव्हापासून या नदीचे पाणी नळांतून मुंबईकडे वाहते आहे; म्हणजे जिने आपल्या काठी मोठे गाव कधी बसविले नाही, तिने आपला काठ सोडून दूर समुद्रावर बसलेले एक महानगर पोसले.

वाचकांपैकी कोणी अकलोलीस स्नानाला गेले, आणि पहिल्या पावसाने धुतलेल्या एखाद्या शेताच्या बांधावर त्यांना गारगोटीचे बारीक, दोन्ही कडांना धार असलेले पाते दिसले, किंवा देशावरच्या पांढरीत काळ्या जाळीचे तांबडे खापर हाती आले, तर एक विनंती आहे: ते उचलून खिशात घालू नये. वरचा सगळा नकाशा खापरांवर उभा नाही, खापरे जिथे पडली होती त्या जागांवर उभा आहे. जागा टिपून ठेवा, गावाचे नाव आणि नदीची बाजू लिहा, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला एक पत्र टाका. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. खापराचे मोल दहा रुपये भरत नाही, म्हणून ते राखणे कायद्याच्या नव्हे, तुमच्या हाती आहे.